पोरक्या मुलींची शाळा : पंडिता रमाबाई

नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. इतवारीतल्या कितीतरी घरांतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे आईवडील म्हणजे आपणच. मनमाडकडून आलेली गाडी दौंडहून पुण्याकडे निघते, उतरण्याची घाई सुरू होते, आणि त्या गडबडीत केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन मागे पडते. त्या नावाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण आपल्या मुलखाचे या गावाशी जुने नाते आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो पोरक्या मुली याच गावी गेल्या, तिथे वाढल्या, तिथे शिकल्या. त्यांना नेणारी बाई स्वतः पोरकी होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

या स्मरणिकेत आपल्या सरांच्या, बाईंच्या आठवणी येतील, मधल्या सुट्टीतल्या खोड्या येतील, निकालाच्या दिवसाची धडधड येईल. त्या आठवणींच्या सोबतीला एका मोठ्या शिक्षिकेचे चरित्र असावे असे वाटले. रमाबाई आपल्याला शाळेत भेटल्या त्या समाजसुधारकांच्या यादीतले एक नाव म्हणून. शारदा सदन कोणी स्थापन केले, या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्या आपल्या लक्षात राहिल्या. त्या एका गुणाच्या मागे केवढे आयुष्य होते, हे कळायला आपल्याला पन्नाशी गाठावी लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ या ठिकाणचा. आज तो भाग कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. विद्यार्थिदशेत ते ज्या गुरूंकडे शिकत, ते गुरू पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकवीत. ते पाहून, बाईलाही संस्कृत येऊ शकते, ही गोष्ट या तरुण विद्यार्थ्याच्या मनात घर करून बसली. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवायला घेतले. गावाला हे रुचले नाही. धर्मसभेपुढे त्यांना आपल्या वागण्याचा खुलासा करावा लागला. तो त्यांनी शास्त्राधाराने केला, आणि अखेर माणसांपासून दूर, रानात आश्रम बांधून राहिले. रमाबाईंची पहिली शाळा ही अशी होती: रानातले घर, आणि शिक्षिका खुद्द आई. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन, पाखरांच्या किलबिलाटात आई श्लोक म्हणवून घेई. बारा वर्षांची होईतो भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ झाले होते.

रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि मग ती यात्रा वर्षानुवर्षे संपलीच नाही. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची, पुढच्या गावी निघायचे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना, दक्षिणा मिळेना. भांडीकुंडी विकली गेली. अंगमेहनत करायची सवय नाही, भीक मागायला जीव धजत नाही. रानातली पाने, फळे खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला खांदेकरी पुरेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी स्वतः तिरडीला हात दिला.

उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोन पोरकी मुले हजारो मैल पायी हिंडली. काश्मीरकडे थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. पुढच्या साऱ्या कामाचे मूळ मला इथे दिसते. दुष्काळी मुलगी म्हणजे काय, हे त्यांना सरकारी अहवालातून कळले नव्हते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची ही मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथली पंडितमंडळी चकित झाली. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. चार वर्षांपूर्वी जिच्या पोटात अन्न नव्हते, तिच्यासाठी आता सभा भरू लागल्या. आईने पहाटे पाठ करून घेतलेले श्लोक कामी आले. ज्ञान चोर नेत नाही असे आपले संस्कृतचे सर सांगत. त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण सुख फार टिकले नाही. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे मित्र बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते बंगाली वकील, जातीने वेगळे. त्या काळात हे केवढे धाडस होते, हे सांगायला नको. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेवले. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा असे सगळे गेलेले, आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांचे सांगणे होते. आज आपल्या वर्गातल्या दोघीतिघी डॉक्टर आहेत आणि शिक्षिका तर कितीतरी आहेत. ही मागणी प्रथम मांडणाऱ्यांमध्ये ही विधवा बाई होती, याची नोंद आपण ठेवायला हवी.

स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत असे आणि ते दुखणे वाढत गेले. डॉक्टर होण्याचा विचार सोडून द्यावा लागला. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठी खळबळ उडाली. तिच्याविषयी पुढे लिहितोच.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींना अमेरिकेत डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. गेल्या होत्या एका समारंभाला, पण राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. तिथे त्यांनी बालवाडीचे, म्हणजे किंडरगार्टनचे शिक्षण घेतले. लहान मुलाला पाठांतराच्या आधी खेळ, गाणे, माती, रंग द्यायचे, ही पद्धत त्यांना पटली. पाठांतरावर वाढलेल्या या पंडितेने ती शिकायला घेतली, ही मला विशेष गोष्ट वाटते. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. गावोगाव व्याख्याने दिली. बालविधवांसाठी शाळा काढायची, एवढेच मागणे. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. सुरुवातीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत गोदूबाई जोशी ही पहिली विधवा विद्यार्थिनी होती. पुढच्याच वर्षी शाळा पुण्याला आली. ही शाळा आणि घर असे दोन्ही होते. केस वपन केलेल्या, घरात कोणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या मुली इथे आल्या. इथे त्यांना बागेत फिरायला मोकळीक होती, अंगावर धड कपडे होते, हातात पुस्तक होते. कोणी पांढऱ्या पायाची म्हणत नव्हते. आपापल्या चालीरीती पाळायला, वेगळा स्वयंपाक करायलाही मुभा होती.

गोदूबाईंचे पुढे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे, पण या धाग्याने नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळ्यांच्या बाया कर्वे. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला, आणि १९१६ साली त्याच कामातून महिला विद्यापीठ उभे राहिले. बायांनी या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी अशी दुसऱ्या मोठ्या शाळेच्या पायात उभी राहिली. शाळेचे मोजमाप निकालाच्या टक्केवारीवरून करायची आपल्याला सवय आहे. मला वाटते, शाळेने वाचवलेले मूल पुढे आणखी कितीजणांना हात देते, हेही मोजले पाहिजे.

आता त्या खळबळीविषयी. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. शाळेत धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. पण त्यांच्या खोलीचे दार उघडे असे, त्या प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये याविषयी फार मोठा वाद झाला. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आजही या प्रश्नावर दोन मते आहेत आणि राहतील. पोरक्या मुलीला आसरा देताना आसरा देणाऱ्याचा धर्म तिच्यापर्यंत पोचतो, आणि ती नाही म्हणण्याच्या स्थितीत नसते, हा आक्षेप खोटा नाही. पुढे केडगावात तर धर्माचे शिक्षण उघडपणे दिले जाई. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की त्या मुलींना घरात जागा नव्हती तेव्हा टीका करणाऱ्यांतले फारच थोडे पुढे आले. कर्व्यांनी मात्र टीका करत बसण्याऐवजी दुसरी शाळा काढली. अशा वादाला दिलेले ते सर्वांत चांगले उत्तर होते, असे मला वाटते. आपल्या वर्गात या विषयावर सरांनी वादविवाद ठेवला असता तर दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर होते.

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार होती. म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. शाळेला स्वतःचे उत्पन्न हवे, दुसऱ्याच्या दानावर कायम चालणार नाही, हा व्यवहार त्यांना कळत होता. इतवारीतल्या कोणत्याही दुकानदाराला पटेल असाच हा हिशेब आहे.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. आपल्या मध्य प्रांतात त्याने हाहाकार केला. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होते आणि इतवारी ही धान्याची पेठ. दोन दुष्काळ लागोपाठ आले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसऱ्याला आपल्याकडची मारवाडी घरे अजून छपन्निया म्हणतात, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. त्या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे १९०१ च्या खानेसुमारीत दिसले. माणसे घरदार सोडून निघाली, वाटेत पडली, मुले मागे राहिली.

बातम्या ऐकून रमाबाई स्वस्थ बसू शकल्या नाहीत. शाळेकडे फार पैसा नव्हता. तरी १८९६ च्या अखेरीस त्या मध्य प्रांतात आल्या. सरकारी पुअर हाऊस, म्हणजे दुष्काळपीडितांची आश्रयस्थाने त्यांनी पाहिली. तिथे अन्न अपुरे होते, रोगराई होती. याहून वाईट म्हणजे वयात आलेल्या एकट्या मुलींवर वाईट नजर ठेवणारी माणसे तिथे घिरट्या घालत होती. पोटभर अन्नाच्या आशेने मुली कोणाबरोबरही जायला तयार होत्या. अशा मुली रमाबाईंनी गोळा करायला सुरुवात केली. काही महिन्यांत सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. शारदा सदन तोवर लहानशी शाळा होती. एवढ्या मुलींचे करायचे काय, पैसा कुठून आणायचा, हा हिशेब त्यांनी आधी केला असता तर एकही मुलगी आली नसती.

या मुली कशा होत्या, याची कल्पना आपल्याला करता येणार नाही. हाडे आणि कातडे, अंगभर खरूज, डोक्यात उवा, तोंड आलेले. कित्येकींना आपले वय सांगता येत नव्हते. भुकेने माणसावरचा विश्वास उडालेला. भाकरी दिली तर लपवून ठेवायच्या, दुसरीच्या हातातली हिसकावून घ्यायच्या. कोणी जवळ घेतले तर घाबरायच्या. काही मुली इतक्या खंगल्या होत्या की आणूनही वाचल्या नाहीत. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलवले. तिथे इमारत नव्हती. तात्पुरत्या छपरांखाली, झाडांखाली शाळा सुरू झाली. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांशी कसे वागले जाते, याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले आणि त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. आश्रयासाठी सरकारची मर्जी सांभाळायची म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवले नाही.

१८९८ साली केडगावला मुक्ती सदन रीतसर उभे राहिले. छपन्नियाच्या दुष्काळात गुजरात, राजपुताना इकडून आणखी शेकडो मुली आल्या. या वेळी त्यांना शोधून आणायला जाणाऱ्यांमध्ये शाळेतल्या मोठ्या मुलीही होत्या. वसतिगृहातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार पोरक्या बायका-मुली, आणि वर सांभाळायला ऐकू कमी येणारी एक बाई. हे कसे चालले असेल?

ते चालले ते तिथल्या व्यवस्थेमुळे, आणि ही व्यवस्था शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, आधी पोट आणि अंग, मग पाटी. आंघोळ, स्वच्छ कपडे, दोन वेळचे ठरलेल्या वेळचे जेवण. उद्याही जेवण मिळणार आहे, हे मुलीला पटेपर्यंत तिच्याकडून अभ्यासाची अपेक्षा नाही. भाकरी लपवणे ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी तिची शाळा खऱ्या अर्थाने सुरू होते.

दुसरी गोष्ट, मोठीने लहानीला सांभाळायचे. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलींनी या नव्या मुलींचा भार उचलला. त्या त्यांच्या शिक्षिका झाल्या, काळजीवाहू झाल्या. काल ज्यांना समाजाने अपशकुनी ठरवले होते, त्या आज कोणाच्या तरी आई-ताई होत्या. यात लहानीचे भले होते, आणि मोठीचे कदाचित जास्तच होते. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव औषधासारखी असते.

तिसरी गोष्ट, प्रत्येकीच्या हाताला काम. अक्षरओळख सगळ्यांना, लहानांना खेळातून शिक्षण, पण त्याबरोबर शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, स्वयंपाक आणि छापखाना. मुली खिळे जुळवायला शिकल्या, छपाई, बांधणी करू लागल्या. आपल्याकडे गांधीबागेकडे छापखान्यांत खिळे जुळवणारी पुरुषमाणसेच आपण पाहिली. तिकडे केडगावात शंभर वर्षांपूर्वी हे काम दुष्काळातून वाचलेल्या मुली करत होत्या. दानावर वाढलेल्या मुलाची मान खाली जाते. स्वतः पिकवलेले, विणलेले, छापलेले समोर दिसले की ती वर येते.

चौथी गोष्ट, कोणालाही नाही म्हणायचे नाही. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी प्रीती सदन, लहान मुलांसाठी वेगळी सोय. आंधळ्या मुलींसाठीही वर्ग होता आणि त्यांना ठिपक्यांच्या ब्रेल लिपीने शिकवले जाई. मनोरमाबाईंनी हे काम अंगावर घेतले होते. ज्या काळात डोळस मुलींना शाळा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

मनोरमा म्हणजे बिपिनबाबूंच्या मागे उरलेली ती दहा महिन्यांची मुलगी. ती इंग्लंड-अमेरिकेत शिकली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, आणि आईच्या शाळेत परत आली. आईला ऐकू येईना तेव्हा ती आईचे कान झाली, शाळेचा कारभार पाहू लागली. पुढे गुलबर्ग्याकडेही तिने मुलींची शाळा उभी केली. आपल्यानंतर मनोरमा हे सांभाळेल, हा रमाबाईंचा भरवसा होता. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळीस वर्षांची असताना, मनोरमा गेली.

आयुष्याच्या सुरुवातीला सगळे गेले होते, शेवटी उरलेले एकही माणूस गेले. तरी रमाबाई थांबल्या नाहीत. बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे चालवले होते. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईलाही वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. हे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले होते. स्वतंत्र भारताने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, हे चरित्र या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. आपली शाळा काही अनाथाश्रम नव्हती. पण थोडे आठवून पाहा. प्रत्येक वर्गात एखादा तरी असा होता, ज्याचे वडील मध्येच गेले. सुट्टीनंतर तो परत आला तेव्हा डोक्यावरचे केस काढलेले होते आणि आपण त्याच्याशी काय बोलावे, हे आपल्याला कळले नव्हते. एखादी मामाकडे राहून शिकायची आणि सहलीच्या यादीत तिचे नाव कधी नसायचे. पुढे तो मुलगा मस्कासाथेत एखाद्या दुकानात लागला, ती मुलगी नववीनंतर दिसली नाही. काहीजण मात्र टिकले. टिकले ते बहुधा एखाद्या सरांमुळे, ज्यांनी फी कोणाला न सांगता भरली, किंवा एखाद्या बाईंमुळे, ज्यांनी डबा वाटून खाल्ला आणि उपकाराची भाषा कधी केली नाही. त्या गुरुजनांची नावे इथे लिहीत नाही. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते, आणि आपणही सांगू नये. ते आज मंडपात बसलेले असतील, त्यांना कळेल.

पोरकेपण संपलेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नागपूरने कोविडचे जे दिवस पाहिले, ते आपण कोणीच विसरलो नाही. त्या महिन्यांत ज्यांचे आईवडील गेले, ती मुले आज शाळा-कॉलेजात आहेत. आजार, अपघात, व्यसन यांनी दरवर्षी नवी मुले पोरकी होतात. यातली बहुतेक अनाथाश्रमात जात नाहीत. ती आजीकडे, काकांकडे, एकट्या आईकडे राहतात आणि आपल्या शाळेसारख्या साध्या शाळेत येतात. नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे राहणाऱ्या अशा मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बाल संगोपन योजना आहे, तिच्यातून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या मार्फत होतो. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन नंबर आहे. हे माहीत नसलेली घरे आपल्या आसपासच असतात. कागद जुळवणे, दाखले काढणे, कार्यालयात दोन फेऱ्या मारणे ही कामे आजीला जमत नाहीत. आपल्यातल्या निवृत्त कारकुनाला, वकिलाला, शिक्षकाला ती सहज जमतात.

म्हणून एक सूचना. या मेळाव्यासाठी आपण वर्गणी काढली आहे. जेवण, मंडप, ही स्मरणिका, सत्काराच्या शाली असा खर्च होऊन काही रक्कम उरेलच. ती पुढच्या मेळाव्यासाठी बँकेत ठेवण्यापेक्षा शाळेच्या मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारू या: यंदा शाळेत आईवडिलांपैकी एक किंवा दोघेही नसलेली मुले किती आहेत? यादी नको, नावे नकोत, फक्त संख्या. मग तेवढ्या मुलांच्या वह्या, गणवेश आणि सहलीची वर्गणी आपण भरायची. त्यांना सभेत उभे करायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, शाळेच्या नेहमीच्या खिडकीतूनच ते मिळावे. आणि आपल्यापैकी ज्यांना वेळ आहे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एका मुलाला गणित किंवा इंग्रजी शिकवावे. रमाबाईंनी मोठीच्या हाती लहानी दिली होती. आपण आता या शाळेतले मोठे आहोत.

संख्या बहुधा फार मोठी निघणार नाही. दोन हजार तर नाहीच नाही. मुख्याध्यापकांना भेटायला कोण कोण येणार, तेवढे मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या आधी ठरवू या. जेवणानंतर सगळे पांगतात, हा आपला शाळेपासूनचा अनुभव आहे.